घरातला छोटा खारा टँक: मीठ, दगड आणि दोनशे वर्षांचा प्रवास

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या किंवा नवी मुंबईतल्या खारघरच्या फ्लॅटमध्ये हल्ली अधूनमधून चाळीस-पन्नास लिटरचा मरीन, म्हणजे समुद्री पाण्याचा, टँक दिसतो. दोन क्लाउनफिश, एखादी कोळंबी, काचेवर चरणारे दोन-चार शंख, मधोमध दगडांची रास आणि मागे एक छोटा पंप. आठवड्याला अर्धा-पाऊण तास दिला की पुरतं, असं मालक सांगतात आणि ते खरं असतं. एके काळी जाणती मंडळी नवख्याला बजावत असत की खारा टँक लावायचा तर मोठाच लावा, नाहीतर गोड्या पाण्यातले गप्पीच बरे. आजचा छोटा टँक नव्या यंत्रांमुळे शक्य झाला, असं दुकानांत ऐकायला मिळतं. मला ते पटत नाही. समुद्राचं मीठ नेमकं काय आहे आणि दगडातले जीव काय काम करतात, या दोन गोष्टी कळल्या म्हणून तो शक्य झाला. कळायला मात्र बराच काळ लागला.

सुरुवात सिसिलीतल्या मेसिना बंदरातली. जान विलप्रे-पॉवर या फ्रेंच बाईंनी १८३२ साली आर्गोनॉट नावाच्या, ऑक्टोपसच्या जवळच्या प्राण्याचा अभ्यास करण्यासाठी काचेच्या टाक्या करून घेतल्या. आर्गोनॉटचं नाजूक कवच त्याचं स्वतःचं की दुसऱ्याचं उचललेलं, यावर तेव्हा वाद होता. पिल्लं काचेआड वाढताना पाहून बाईंनी तो मिटवला: कवच त्याचंच. पण मेसिनाला समुद्र दाराशी होता. पाणी बिघडलं की नवं आणायचं.

समुद्रापासून दूर काय करायचं, हा खरा प्रश्न लंडनमध्ये पुढे आला. ॲना थिन यांनी १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत दगडी प्रवाळ लंडनला आणले. आणलेलं पाणी थोडं होतं आणि ते टिकवायचं होतं. त्यांच्या घरची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायची, म्हणजे त्यात हवा मिसळेल. पुढे थिन यांनी त्यात समुद्री शेवाळ ठेवलं. प्रवाळ जवळजवळ तीन वर्षं जगले. या हकिकतीत मोलकरणीचं नाव कुठे येत नाही याचं मला वाईट वाटतं, कारण घरगुती टँकमधला पहिला एअर पंप म्हणजे तिचे हात होते.

त्याच सुमारास ब्रिटनने काचेवरचा कर उठवला (१८४५) आणि काच स्वस्त झाली. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली दाखवून दिलं की वनस्पती, मासे आणि गोगलगायी यांचं प्रमाण जमलं तर पाणी न बदलता टाकी चालते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाच्या १८५४ सालच्या पुस्तकाने तर हे वेड घराघरात नेलं. लोक किनाऱ्यावर जाऊन खडकांतल्या डबक्यांमधून दिसेल ते उचलू लागले आणि इंग्लंडचे काही किनारे अक्षरशः ओरबाडले गेले. या छंदाच्या इतिहासातली ही जखम पुढेही पुन्हा पुन्हा दिसते.

गॉस यांनी आणखी एक काम केलं आणि ते मला त्यांच्या पुस्तकाइतकंच मोलाचं वाटतं. त्यांनी कृत्रिम समुद्रपाण्याची कृती दिली: साधं मीठ, एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड, गोड्या पाण्यात विरघळवलेलं. कॅल्शियम साध्या पाण्यातूनच मिळेल असा त्यांचा हिशेब होता.

समुद्राचं मीठ म्हणजे नुसतं साधं मीठ नव्हे, हा मुद्दा ठाणेकराला चटकन समजावा, कारण मिठागरं आपल्या डोळ्यांसमोर आहेत. भाईंदरचं, मुलुंडचं, उरणचं मीठ समुद्राच्याच पाण्याचं. मग ते टँकमध्ये का चालत नाही, असा प्रश्न नवखे हमखास विचारतात. मिठागरात पाणी आटत जातं तसा आधी चुना आणि जिप्सम खाली बसतो, मग मीठ धरतं, आणि शेवटी उरणाऱ्या कडवट पाण्यात मॅग्नेशियम राहतं. ते पाणी सोडून दिलं जातं. हाती लागतं ते बहुतेक सोडियम क्लोराइड. खाण्याला उत्तम, पण शंखाला कवच बांधायला त्यात कॅल्शियम जवळजवळ नाही.

समुद्राचं मीठ म्हणजे नेमकं किती आणि काय, याचं पक्कं उत्तर १८८४ साली मिळालं. चॅलेंजर या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून गोळा केलेले पाण्याचे ७७ नमुने रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी तपासले. खारटपणा कमी-जास्त असला तरी प्रमुख क्षारांचं आपसातलं प्रमाण खुल्या समुद्रात सगळीकडे जवळपास सारखंच निघालं. म्हणजे एक कृती नीट बसवली की ती अरबी समुद्रातल्या माशालाही चालते आणि प्रशांत महासागरातल्या माशालाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत तयार साल्ट मिक्स पिशवीत मिळू लागलं, ते याच शोधाच्या जोरावर. त्याच दशकात सिलिकॉनने चिकटवलेल्या काचेच्या टाक्या आल्या आणि खाऱ्या पाण्याने गंजणाऱ्या लोखंडी चौकटी गेल्या. आज ठाण्यात बसून आपण लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ पाण्यात ढवळतो, रिफ्रॅक्टोमीटरने खारटपणा मोजून बघतो आणि समुद्र तयार होतो. मला या गोष्टीचं अजूनही अप्रूप वाटतं.

मिठाचं कोडं सुटलं तरी मासे मरतच होते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, तो विषारी. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. सर्गेई विनोग्राड्स्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी हे जिवाणू १८९० च्या सुमारास वेगळे काढून दाखवले, तरी घरगुती टँकवाल्यांपर्यंत हे ज्ञान पोचायला विसावं शतक निम्मं सरलं. तोवर टँक निर्जंतुक आणि चकचकीत ठेवणं हीच काळजी समजली जाई. दगड धुवून, पांढरे करून ठेवत. त्यात ज्यांनी काम करायचं तेच जीव मरत.

उत्तर आलं ते जाकार्ताहून. ली चिन इंग या गृहस्थांनी १९६१ साली एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली: समुद्रातून आणलेले, जिवांनी भरलेले दगड, थोडी वाळू, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश. फिल्टर नाही. त्यांच्या टाक्यांत प्रवाळ जगत होते. दगडाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू अमोनियाचा निकाल लावतात आणि आतल्या छिद्रांत, जिथे प्राणवायू कमी, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. पाश्चात्त्य जगाने ही पद्धत तेव्हा फारशी मनावर घेतली नाही. पुढे जर्मनीत पीटर विल्केन्स आणि इतरांनी अशा जिवंत दगडाला प्रोटीन स्किमरची, म्हणजे फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची, जोड दिली. ती बर्लिन पद्धत म्हणून प्रसिद्ध झाली आणि जगभर पसरली. विसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकेतल्या हौशी लोकांनी दगडावर भरवसा ठेवून टँक लहान करायला सुरुवात केली. त्यांना कळलं की चाळीस लिटरच्या टँकमध्ये दर आठवड्याला चार लिटर पाणी बदललं तर स्किमर लागतही नाही. एक बादली पुरे. त्यातून नॅनो टँक आला. मागोमाग कमी वीज खाणारे एलईडी दिवे आले आणि पाणी तापवणारे जुने दिवे गेले.

आपल्या हवेला जवळचा पूर्वज लंडनचा नाही, बर्लिनचाही नाही, जाकार्ताचा आहे, असं मी आवर्जून सांगतो. परदेशी पुस्तकं हीटरने सुरुवात करतात. ठाण्यात प्रश्न उलटा. पाणी २५-२७ अंशांवर हवं आणि मे महिन्यात बंद खोली त्याच्या कितीतरी वर जाते. पाण्यावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी आटतं. चाळीस लिटरमधलं चार लिटर आटलं तर ३५ चा खारटपणा ३९ च्या घरात जातो, कारण मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भर आरओच्या गोड्या पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नाही. पावसाळ्यात हवेतच दमटपणा असल्यामुळे पंख्याचा उपयोग कमी होतो. विजेचंही तसंच. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदमच गेली होती. घरात बॅटरीवर चालणारा एअर पंप असावा.

खाडीचा मासा घराजवळ राखणं आपल्या भागाला नवं नाही. पनवेल-पेण-अलिबागकडे घराजवळच्या तळ्यात जिताडा वाढवायची जुनी रीत आहे. ठाण्याची चेंदणी असो की नवी मुंबईतलं दिवाळे, कोळीवाड्यातल्या माणसाला पावसाळ्यात खाडीचं पाणी कसं पालटतं ते विचारावं लागत नाही. उल्हास नदीचं गोडं पाणी उतरतं, गाळ येतो, खारटपणा कोसळतो. निवटी मासा आणि चिंबोरी खेकडा ते सोसतात, प्रवाळाच्या रांगांत जन्मलेला मासा सोसत नाही. शहराचं सांडपाणी त्यात मिसळतं ते वेगळंच. खाडीचं पाणी टँकमध्ये घालू नये, कितीही जवळ असलं तरी.

रंगीत समुद्री मासा काचेआड बघायची सवय या भागाला लावली ती तारापोरवाला मत्स्यालयाने. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते १९५१ साली ते मरीन ड्राइव्हवर उघडलं, आणि शाळेच्या सहलीतून ठाण्या-कल्याणच्या कित्येक पिढ्या तिथे जाऊन आल्या. घरी आणायचे मासे मात्र क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याच्या बाजारातून यायचे. त्यातला मरीन मासा बहुतेक समुद्रातून पकडलेला. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून असे मासे पकडायला सोडियम सायनाइड वापरलं गेलं. त्याने मासा गुंगतो, शेजारचा प्रवाळ मरतो आणि मासाही बऱ्याचदा काही आठवड्यांत दगावतो. नवशिक्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

ली चिन इंग यांची पद्धत आपण जशीच्या तशी उचलू शकत नाही, तेही समुद्र ओरबाडला जाऊ नये याच कारणाने. भारतात २००१ साली सगळे दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. प्रवाळ जिवंत असो की मेलेला, तो घेणं-विकणं गुन्हा आहे. मला हा कायदा पूर्ण मान्य आहे. आपल्या दिवाणखान्यासाठी कच्छच्या किंवा मन्नारच्या आखाताचा तुकडा तोडला जाऊ नये. कोरडा, कारखान्यात बनवलेला सच्छिद्र दगड घ्या आणि बाटलीतले जिवाणू सोडा. महिना-दीड महिना माशाविना टँक चालू ठेवा आणि अमोनिया, नायट्राइट शून्यावर आलं की मगच जीव आणा. उशीर लागतो, पण काम तेच होतं.

माशाची सोयही झाली आहे. क्लाउनफिश दगडावर अंडी घालतो, नर ती राखतो आणि आठवड्याभराने पिल्लं बाहेर पडतात. पिल्लं इतर कित्येक समुद्री माशांच्या पिल्लांपेक्षा मोठी असतात आणि रोटिफर नावाच्या सूक्ष्म जिवांवर वाढवता येतात. म्हणून १९७० च्या दशकात अमेरिकेत तो पहिल्यांदा व्यापारी प्रमाणावर पैदास झालेला मरीन मासा ठरला. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे तंत्र बसवलं. आता नवी मुंबईतच, ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात, शोभेच्या समुद्री माशांची हॅचरी आहे. फ्लेमिंगो पाहायला बोटी सुटतात तेच हे केंद्र. दुकानात गेलात तर भावाआधी मासा हॅचरीचा की पकडलेला हे विचारा, आणि दुकानदाराला त्याला समोर खाऊ घालायला सांगा. हॅचरीचा मासा कोरडं खाणं लगेच घेतो.