ड्राय टीएचएफ

ड्राय टीएचएफ म्हणजे पाणी जवळपास पूर्ण काढून टाकलेलं टेट्राहायड्रोफ्युरान. चार कार्बन आणि एका ऑक्सिजनचं कडं असलेलं हे ईथर 66 अंश सेल्सिअसला उकळतं, उणे 108 च्या आसपास गोठतं, आणि पाण्याचा थेंबही चालत नाही अशी रिअॅक्शन लावायची असली की ऑरगॅनिक लॅबमध्ये बहुतेक वेळा हात याच बाटलीकडे जातो.

साधं आणि ड्राय टीएचएफ दिसायला अगदी सारखंच, त्यामुळे नवीन मुलं इथेच फसतात. हिशोब करून बघा. 100 मिली टीएचएफचं वजन साधारण 89 ग्रॅम, त्यात 0.1 टक्का पाणी असलं तर ते झालं 89 मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास 5 मिलिमोल. तुमचं ग्रिन्यार्ड (हॅलाइड आणि मॅग्नेशियमपासून बनवलेलं, पाण्याने लगेच मरणारं रिएजंट) 5 मिलिमोलचंच असेल तर सगळं रिएजंट पाण्यानेच खाल्लं, आपल्या किटोनच्या वाट्याला काही उरलंच नाही. परत टीएचएफ पाण्यात कुठल्याही प्रमाणात मिसळतं, थर वेगळा दिसत नाही, आणि बाटली उघडी राहिली की हवेतली ओल ओढत बसतं. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तर आरबी (गोल बुडाचा फ्लास्क) रात्रभर ओव्हनमध्ये ठेवून, गरम असतानाच नायट्रोजनखाली थंड केलेली बरी.

वापरात पहिला मान ग्रिन्यार्डचा. व्हिक्टर ग्रिन्यार्डने 1900 साली ही रिअॅक्शन मांडली, 1912 ला नोबेल मिळालं, पण त्याचं काम साध्या डायइथाइल ईथरमध्ये होतं. व्हिनाइल हॅलाइड आणि अराइल क्लोराइड ईथरमध्ये धड चालत नाहीत, टीएचएफमध्ये चालतात कारण त्याचा ऑक्सिजन मॅग्नेशियमला जास्त घट्ट धरतो, हे 1950 च्या दशकात आंरी नॉरमां यांच्या कामाने पुढे आलं. मॅग्नेशियमचे तुकडे, आयोडीनचा एक कण, वरून हॅलाइडचे थोडे थेंब, मग तपकिरी रंग उडतो, द्रावण गढूळ होतं आणि काही न तापवता आपोआप उकळायला लागतं. ते बघितलं की समजायचं, टीएचएफ खरंच कोरडं होतं.

दुसरा मोठा वापर म्हणजे ब्युटाइल लिथियम आणि एलडीए (लिथियम डायआयसोप्रोपाइलअमाइड), दोन्ही खूप कडक बेस. ड्राय आइस-अॅसिटोनच्या बाथमध्ये उणे 78 ला टीएचएफ पातळच राहतं म्हणून इनोलेटची (किटोनसारख्या संयुगातून बेसने प्रोटॉन काढून बनणाऱ्या आयनची) कामं यातच होतात. पण एन-ब्युटाइल लिथियम टीएचएफमध्ये घालून रूम टेंपरेचरला ठेवू नये, ते सॉल्व्हंटचंच कडं फोडतं, इथिलीन निघतं, आणि 20 अंशांना दोनेक तासांत अर्धं रिएजंट संपतं. लिथियम अॅल्युमिनियम हायड्राइडची रिडक्शनं आणि हायड्रोबोरेशन (दुहेरी बंधाला बोरेन जोडणं) पण यातच. बोरेन तर टीएचएफला बांधलेलं द्रावण म्हणूनच बाटलीत विकत मिळतं. कडक लुइस अॅसिड (इलेक्ट्रॉन जोडी ओढून घेणारं रसायन) असेल तिथे मात्र दुसरं सॉल्व्हंट घ्या, कडं उघडून पॉलिमर होतो.

कोरडं करायची जुनी पद्धत म्हणजे सोडियम आणि बेंझोफिनोन घालून नायट्रोजनखाली रिफ्लक्स, म्हणजे उकळून वाफ परत फ्लास्कमध्येच थंड करत राहणं. पाणी आणि ऑक्सिजन संपत आले की कीटाइलचा (सोडियम आणि बेंझोफिनोनपासून बनणाऱ्या रॅडिकलचा) गडद निळा, मग जांभळा रंग येतो, तेव्हाच गोळा करायचं. रंग देखणा आहे, पण उकळतं ज्वलनशील सॉल्व्हंट आणि सोडियम एकाच फ्लास्कमध्ये, त्यामुळे आगी लागल्यात आणि उरलेलं सोडियम मारताना (निष्क्रिय करताना) तर फार जपावं लागतं. 2010 साली छापलेल्या एका तुलनेत 300 अंशांवर तापवलेल्या 3 अँगस्ट्रॉम मॉलिक्युलर सीव्ह्जवर (बारीक छिद्रांत पाणी धरून ठेवणारे मणी) दोन-तीन दिवस नुसतं ठेवलेलं टीएचएफ कार्ल फिशर मोजणीत (पाणी मोजायची पद्धत) 10 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत 10 भागांच्या, खाली आलं, म्हणजे सोडियमपेक्षाही कोरडं. माझ्या मते नव्या लॅबने स्टिल (सोडियमवरून डिस्टिल करायचा सेट) लावायच्या भानगडीत पडूच नये.

शेवटी पेरॉक्साइड, म्हणजे टीएचएफ हवेतल्या ऑक्सिजनशी लागून बनणारी स्फोटक संयुगं. बाजारच्या टीएचएफमध्ये हे होऊ नये म्हणून बहुधा बीएचटी नावाचं अँटिऑक्सिडंट घातलेलं असतं, डिस्टिल केलं की ते मागे राहतं आणि गोळा केलेलं सॉल्व्हंट उघडं पडतं. म्हणून बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायची, नायट्रोजनखाली अंधारात ठेवायची, वापराआधी पेरॉक्साइडच्या टेस्ट पट्टीने तपासायचं, आणि कधीही पूर्ण सुकेपर्यंत डिस्टिल करायचं नाही, कारण पेरॉक्साइड तळाशीच साठतात आणि तिथेच फुटतात.