दोन पाकळ्यांची झडप आणि इकोचा अहवाल

बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा म्हापशाच्या एखाद्या खासगी इस्पितळात टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला की माणूस अहवालात आधी 'ईएफ' शोधतो, म्हणजे हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला आतले किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा. ६० टक्के दिसले की जीव भांड्यात पडतो. महाधमनीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीची, झडप जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्यांची असेल, तर या एका आकड्यावर विसंबू नये. झडप खूप अरुंद झाली तरी हृदयाचा स्नायू जादा जोर लावून ईएफ टिकवून धरतो. अशी 'बायकस्पिड' झडप शंभरात एका-दोघांना असते, पुरुषांत जास्त.

आधी झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग पाहावा. करमळी स्थानकातून न थांबता जाणाऱ्या रेल्वेगाडीचा भोंगा जवळ येताना चढा ऐकू येतो, लांब जाताना उतरता. रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनिलहरींतला असाच फरक मोजून यंत्र रक्ताचा वेग काढते. सेकंदाला २ ते ३ मीटर म्हणजे अरुंदपणा सौम्य, ३ ते ४ मध्यम, ४ किंवा जास्त म्हणजे तीव्र. वेगाच्या वर्गाला ४ ने गुणले की झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला कमाल फरक मिळतो: ३ ला ३६, ४ ला ६४ मिलिमीटर पारा. वेग एकानेच वाढला, दाब जवळजवळ दुप्पट! शेजारचा 'मीन ग्रेडियंट' हा सरासरी फरक. त्यात तीव्रतेची सीमा ४० आहे. 'पीक'चा, म्हणजे कमाल फरकाचा, आकडा या ४०शी ताडून लोक विनाकारण धास्तावतात.

छातीवर टेकवायचा प्रोब रक्ताच्या प्रवाहाच्या रेषेत नसेल, तर वेग खऱ्यापेक्षा कमी भरतो. म्हणून ताडून पाहायला मागचे अहवाल सोबत न्यावेत. आपल्याकडच्या पावसात कागदांना बुरशी लागते, तेव्हा मोबाइलवर फोटो काढून ठेवलेले बरे.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित ओळ महाधमनीच्या व्यासाची. झडप उत्तम चालत असतानाही ही धमनी रुंदावू शकते. ४० मिलिमीटरच्या पुढे नियमित नजर लागते, ५० ते ५५च्या दरम्यान शस्त्रक्रियेचा विचार होतो. एक अहवाल ४.१ सेंटिमीटर म्हणतो, दुसरा ४१ मिलिमीटर, माप तेच. एक-दोन मिलिमीटरचा फरक मोजण्यातलाही असतो. इकोत धमनीचा वरचा भाग नीट दिसला नसेल, तर सीटी किंवा एमआरआय लागेल का, हे डॉक्टरांना विचारावे.

चालताना धाप, छातीत दुखणे, भोवळ यांपैकी काही झाले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. आणि आईवडील, भावंडे, मुले यांचाही एकदा इको करून घ्यावा. अशा जवळच्या नातलगांत सुमारे दहातल्या एकाला हीच झडप सापडते.