मुंबई आणि ‘स्टे’: तात्पुरत्या हुकमांची पार्श्वभूमी

‘स्टे मिळाला’ हे शब्द मुंबईत झोपडीत ऐकू येतात आणि बिल्डरच्या कार्यालयातही. बोलण्यात त्या एका शब्दात तीन गोष्टी येतात : तात्पुरता मनाईहुकूम, एखाद्या आदेशाला स्थगिती आणि परिस्थिती ‘जैसे थे’ ठेवण्याचा आदेश. दाव्याचा निकाल लागेपर्यंत ज्यावरून वाद आहे तेच नाहीसे होऊ नये, म्हणून ही सोय. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील ऑर्डर 39 हा तिचा मुख्य आधार. प्रकरणात प्रथमदर्शनी दम आहे का, हुकूम दिल्याने जास्त अडचण होईल की नाकारल्याने, आणि नंतर पैशांनी भरून न येणारे नुकसान होणार आहे का, हे तीन प्रश्न न्यायालय तपासते.

दावे वर्षानुवर्षे चालतात, त्यामुळे बऱ्याचदा हा तात्पुरता हुकूमच खरा निकाल ठरतो. मुंबईच्या शहर दिवाणी न्यायालयात 1960 च्या दशकात याचा एक खास प्रकार रुळला होता. सरकारवर दावा लावायचा तर याच संहितेच्या कलम 80 नुसार दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते. लोक नोटीस न देताच दावा दाखल करीत आणि मनाईसाठी ‘नोटीस ऑफ मोशन’, म्हणजे दाव्यातला अंतरिम अर्ज, काढीत. न्यायालय पुढची तारीख देई आणि तोवर ॲड-इंटरिम, म्हणजे त्या अर्जाचा निर्णय होईपर्यंतची, मनाई चालू राही. मधल्या काळात सरकारला नोटीस दिली जाई, मुदत भरली की दावा मागे घेऊन नवा लावला जाई. हा दावा ऐकण्याचा अधिकार न्यायालयाला आहे का, हा मूळ प्रश्न बाजूलाच पडे.

याला आवर घालण्यासाठी महाराष्ट्राने 1970 मध्ये संहितेत कलम 9अ घातले : अधिकाराचा आक्षेप आला की आधी त्याचाच निर्णय. पण हा प्राथमिक मुद्दाच पुराव्यानिशी चालवण्यात वर्षे जाऊ लागली. औषधच दुखणे होऊन बसले. शेवटी 2018 मध्ये राज्याने ते कलम वगळले.

गैरवापराची ही बाजू खरी आहे, पण तेवढ्यावरून स्टेला नावे ठेवणे मला मान्य नाही. जुलै 1981 मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथांवरच्या व झोपड्यांतल्या लोकांना मुंबईबाहेर काढण्याची घोषणा केली, तीही ऐन पावसाळ्यात. विलेपार्ले पूर्वेच्या कामराजनगरमधील बांधकाम मजूर उच्च न्यायालयात गेले. 21 जुलैपर्यंत मनाई मिळाली आणि त्या दिवशी 15 ऑक्टोबरपर्यंत झोपड्या न पाडण्याचे कबूल करण्यात आले. तरीही 23 जुलैला आपल्याला एसटीच्या गाड्यांत कोंबून शहराबाहेर नेले, त्या प्रवासात दोन बाळे जन्मली आणि दोन दगावली, असे त्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे मांडले. हुकूम कागदावर असणे आणि तो पाळला जाणे यांतले अंतर इतके जीवघेणे असू शकते. या याचिकांवरचा, याचिकाकर्त्या पत्रकाराच्या नावाने ‘ओल्गा टेलिस’ म्हणून ओळखला जाणारा निकाल 10 जुलै 1985 रोजी लागला. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरला. झोपड्या हटवायला मात्र परवानगी मिळाली, पण पावसाळा सरल्यावर, 31 ऑक्टोबरनंतर.

उशिरा आलेला हुकूम काय वाचवतो, हे गोरेगावच्या झाडीने भरलेल्या आरे वसाहतीत दिसले. 4 ऑक्टोबर 2019 रोजी उच्च न्यायालयाने मेट्रो कारशेडसाठीच्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालल्या. सोमवारी, 7 तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने ‘जैसे थे’ सांगितले, तेव्हा 2,141 झाडे पडलेली होती.

स्टे लांबत राहतो, या तक्रारीवर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत आपोआप संपण्याची मुदत आखली होती. पण न्यायालयाला सुनावणीला वेळ झाला नाही, तर त्याची शिक्षा पक्षकाराला का? 29 फेब्रुवारी 2024 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो नियम रद्द केला, आणि ते योग्यच झाले. आता निव्वळ तारीख उलटली म्हणून स्टे उठत नाही. ज्याला तो नको असेल त्याला अर्ज करून न्यायालयापुढे उभे राहावे लागते.