‘शरेड’ हिचकॉकचा नाही हो!

पॅरिस, एकामागून एक खून, गायब झालेला पैसा आणि नायक कॅरी ग्रँट. म्हणजे ‘शरेड’ (१९६३) हा सिनेमा थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉकचाच, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. साफ चूक. दिग्दर्शक स्टॅन्ली डोनन, ‘सिंगिंग इन द रेन’च्या दोघा दिग्दर्शकांपैकी एक. हिचकॉकचा त्या वर्षीचा सिनेमा ‘द बर्ड्स’.

गोंधळ होणं साहजिक आहे म्हणा. ग्रँटने हिचकॉककडे चार सिनेमे केले होते. पण इथली गंमत वेगळीच. ग्रँट साठीला टेकलेला, नायिका ऑड्री हेपबर्न पंचवीस वर्षांनी लहान. तिच्यामागे धावणं त्याला प्रशस्त वाटेना, म्हणून पटकथाकार पीटर स्टोनने तिलाच त्याच्यामागे लावलं! आणि प्रेतं पडत असतानाही बाईंची भूक काही मरत नाही.