परिसर-निसर्ग अभ्यास (गोवा)

माणसाच्या राहत्या वस्तीत आणि तिच्या लगत आढळणाऱ्या प्राणी-वनस्पतींचे नियमित निरीक्षण करणे व त्याची नोंद ठेवणे, म्हणजे परिसर-निसर्ग अभ्यास. मोठ्या महानगरांत तो बहुधा बागा, तलाव आणि इमारतींच्या वळचणींपुरता असतो. गोव्यात मात्र शहर कुठे संपते आणि रान कुठे सुरू होते, हे सांगणे अवघड जाते. भरतीचे पाणी पणजीच्या मधोमध येते, सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारे, वसाहतींच्या पाठीला टेकलेले असतात आणि कुळागरे, म्हणजे पोफळीच्या बागा, दारापाशी असतात.

वस्तीजवळच्या गोव्याचा सर्वांत श्रीमंत अधिवास म्हणजे खाजन. भरतीच्या पातळीखालची ही शेतजमीन बांध घालून खाडीपासून राखलेली असते. राज्यात तिचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर मानले जाते. बांधातल्या मानशीची, म्हणजे पाणी सोडण्या-अडवण्याच्या मोरीची, लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. ओहोटीच्या वेळी मानशीवर जाळे लावून सुंगटे (कोळंबी) व मासळी धरतात. बगळे आणि खंड्या ती वेळ चुकवत नाहीत, म्हणून निरीक्षकानेही घड्याळाआधी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. चिखलात निवटे (चिखलावर सरपटणारे मासे) आणि एक नांगी मोठी असलेले छोटे खेकडे दिसतात. ऊद, म्हणजे पाणमांजर, क्वचितच नजरेस पडते. त्याचा माग बांधावरच्या विष्ठेतले माशांचे खवले व कुर्ल्यांच्या कवचाचे तुकडे, पावलांचे ठसे आणि स्वयंचलित कॅमेरे यांवरून काढतात. ऊद जाळी फाडतो, त्यामुळे मच्छीमारांचा त्याच्यावर राग असतो. पण त्याच्या येण्याजाण्याची वाटही त्यांनाच ठाऊक असते. अभ्यासकाने आधी त्यांच्याकडे जावे, हे बरे.

मांडवी व झुआरी या नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. मगर मुख्यतः गोड्या पाण्यातली, इथे मात्र ती खाऱ्या-मचूळ पाण्यात राहते आणि गावाच्या अगदी शेजारी. स्थानिक बोलीत तिला मानगे म्हणतात. फोंडा तालुक्यातील दुर्भाट, बोरी या भागांत पौष अमावास्येला चिखलाचा मानगा घडवून त्याची पूजा करतात. याला ‘मानगे थापणी’ म्हणतात. या प्रथेकडे केवळ श्रद्धा म्हणून पाहिले, तर शेजारी कोण राहतो याची गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली जाण नजरेतून सुटते.

पणजीसमोरच्या चोडण बेटावर खारफुटीत वसलेले सलीम अली पक्षी अभयारण्य १९८८ मध्ये घोषित झाले. क्षेत्र जेमतेम १.७८ चौ. किमी. रायबंदरहून फेरीबोटीने तिथे पोचता येते. पणजीतच पाटोजवळ ओरेम खाडीच्या काठची खारफुटी पाहायला तर तेवढेही जावे लागत नाही. जुन्या गोव्याजवळचे करमळी तळे हिवाळी पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. कुडचडेजवळचे नंदा तळे २०२२ मध्ये गोव्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले.

सडे उन्हाळ्यात ओसाड दिसतात, म्हणून ते पडीक समजले जातात. पहिल्या पावसानंतर तिथल्या उथळ डबक्यांत बेडूक अंडी घालतात आणि कीटकभक्षी सीतेची आसवे फुलतात. २०१८ मध्ये गोव्यातून वर्णन झालेल्या एका बेडकाच्या जातीला ‘गोंयची’ हे नाव मिळाले, ते इथल्या भूमीवरूनच. मोठ्या बेडकांची, म्हणजे बेब्यांची, शिकार ‘जंपिंग चिकन’ या नावाखाली होते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये तो गुन्हा आहे.

गोव्यात हा अभ्यास नवा नाही. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला. औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये इथेच छापला गेला. त्यातल्या संवादांत घरची दासी पाने-फळे आणून समोर ठेवते. पणजीच्या नगर उद्यानाला त्याचे नाव आहे. घरोघरची माटोळी मात्र ग्रंथाविना चालत आली आहे. चतुर्थीला गणपतीवर बांधायच्या या चौकटीत कवंडळ, कांगले, घागऱ्या, आंबाडे, वाघनखीची फुले अशी रानातली व परसातली फळे-फुले असतात. ती कुठल्या उतारावर, कुठल्या व्हाळाकाठी (ओढ्याकाठी) मिळतील, हे ठाऊक असलेली माणसे प्रत्येक वाड्यावर असायची. आज बरेच जण माटोळीचे सामान म्हापसा, फोंडा, मडगावच्या बाजारातून आणतात. म्हणजे फळ घरी येते, त्याची जागा येत नाही.

आधुनिक नोंदींसाठी ई-बर्ड (२००२) व आयनॅचरलिस्ट (२००८) ही ऑनलाइन व्यासपीठे वापरली जातात. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार पंचायती व पालिकांच्या समित्या लोक जैवविविधता नोंदवही तयार करतात. या कल्पनेमागे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचे मोठे काम आहे. नोंदवहीत स्थानिक नाव लिहिणे अत्यावश्यक असते, कारण एकाच झाडाला पेडण्यात एक आणि काणकोणात दुसरेच नाव असू शकते.

परसबागेतील पक्ष्यांची जागतिक गणना दर फेब्रुवारीत होते. स्थलांतरित पक्ष्यांसाठी तो काळ सोयीचा आहे, पण गोव्यातले बेडूक, गोगलगायी, पतंग आणि सड्यावरची फुले यांचा हंगाम जून ते सप्टेंबर असतो. पावसाळी रात्री पांढरा पडदा व दिवा लावून पतंग मोजतात. रस्त्यावर चिरडलेले दिवड, धामण व बेडूक यांचीही जागेसह नोंद करतात. रस्त्याच्या कुठल्या तुकड्यावरून ते शेताकडे उतरतात, हे अशा नोंदींवरूनच कळते.