पीएम स्वनिधीचा अर्ज मुंबईत अडतो कुठे? शिफारस पत्र, आधारचा अंगठा आणि ‘लायसन्स’चा गैरसमज

वॉर्ड ऑफिसच्या जिन्यावर बसलेल्या फेरीवाल्यांच्या हातात हमखास एक प्लास्टिकची पिशवी असते, रबरबँड लावलेली. आत आधार, पॅन, रेशनकार्डाच्या चार-चार झेरॉक्स, लाइटबिल, एखादीकडे तर मुलाचा शाळा सोडल्याचा दाखलासुद्धा. नेमका हवा तो कागद मात्र नसतो. तुम्ही फेरीवाले आहात असं सांगणारा कागद. वीस वर्षं एकाच नाक्यावर बसलेल्या बाईकडे तो नसतो, आणि खिडकीपलीकडच्या माणसाला त्यात काही विचित्र वाटत नाही. आम्ही दोघी-तिघी शनिवारी वस्तीत फॉर्म भरून देतो. परत आलेल्या अर्जांचा गठ्ठा बघून एकदा सगळं नीट लिहून काढावं म्हटलं.

आधी योजना, दोन शब्दांत. करोनाच्या टाळेबंदीनंतर १ जून २०२० ला केंद्र सरकारने पथविक्रेत्यांना म्हणजे फेरीवाल्यांना खेळतं भांडवल देण्यासाठी पीएम स्वनिधी ही कर्जयोजना काढली. तेव्हा पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये फेररचना झाली. आता पहिलं १५,००० पर्यंत, ते फेडल्यावर दुसरं २५,००० पर्यंत, मग तिसरं ५०,००० पर्यंत. तारण नाही. मुदत अनुक्रमे १२, १८ आणि ३६ महिने. हप्ते वेळेवर गेले तर ७ टक्के व्याज अनुदान तिमाहीला खात्यात येतं. बाजारात सकाळी ९०० रुपये हातात घेऊन रात्री १,००० परत करणाऱ्या भाजीवालीला बँकेचं व्याज काय चीज आहे हे समजावून सांगावं लागत नाही.

‘ती योजना बंद झाली ना?’ असं अजून विचारतात. आधीची मुदत डिसेंबर २०२४ ला संपली, मधले काही महिने कर्जवाटप थांबलं होतं, त्यातून ही समजूत पसरली. आता कर्जवाटपाची मुदत ३१ मार्च २०३० आहे. पण ही तारीख ऐकून ‘मग बघू निवांत’ म्हणणारेही भेटतात. जरा हिशेब करा. पहिलं कर्ज १२ महिने, दुसरं १८, म्हणजे तिसऱ्याच्या दारात पोचायला अडीच वर्षं. २०२७ चा सप्टेंबर उलटल्यावर पहिलं कर्ज उचललं आणि हप्ते ठरल्या वेळीच भरत गेलात, तर ५०,००० चा टप्पा मुदतीबाहेर जातो. आधी फेडलं तर दंड नाही, तेवढी सोय आहे.

आता पात्रता. गाडीवाला, टोपलीवाली, डोक्यावर पाटी घेऊन फिरणारी कोळीण, फुटपाथवर चप्पल शिवणारा, सगळे पथविक्रेते. ज्यांच्याकडे महापालिकेचं विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र आहे त्यांना काहीच अडचण नाही. पालिकेच्या सर्वेक्षणात नाव आहे पण प्रमाणपत्र मिळालं नाही, त्यांना योजनेच्या पोर्टलवरूनच तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. सर्वेक्षणात सुटलेले किंवा नंतर धंदा सुरू केलेले, तसंच विरार-कर्जतकडून माल घेऊन मुंबईत येऊन विकणारे, या दोघांना पालिकेचं शिफारस पत्र लागतं, म्हणजे ‘ही व्यक्ती इथे धंदा करते’ असं सांगणारा कागद. आमच्याकडे येणाऱ्यांत बहुतेक या शेवटच्या दोन गटांतलेच.

असं का, ते मुंबईच्या सर्वेक्षणाकडे पाहिलं की कळतं. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा. त्याच वर्षी पालिकेने फॉर्म वाटले, ९९ हजारांवर अर्ज आले. छाननीत गळती लागली, आणि नगर पथविक्रेता समितीच्या निवडणुकीसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये मतदान झालं तेव्हा यादीत उरली ३२ हजारांच्या आसपास नावं. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करावं असं कायदा म्हणतो. कायद्याने पुष्कळ म्हणावं! छाननीत बऱ्याच जणांना अधिवास प्रमाणपत्राने अडवलं, आणि तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलंय की फेरीवाल्याच्या कुठल्याही कामाला ‘डोमिसाइल’ लागतं. स्वनिधीच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत ती अट नाही. त्यासाठी तहसील कार्यालयाच्या खेपा घालून रोजचा धंदा बुडवू नका. खिडकीवर कोणी मागितलंच, तर ‘कुठल्या नियमाप्रमाणे, ते अर्जावर लिहून द्या’ असं शांतपणे म्हणा.

शिफारस पत्र मिळवायचं तर पोर्टलवर अर्ज करताना तो पर्याय निवडायचा आणि पुरावा जोडायचा. टाळेबंदीत राज्याकडून मदत मिळाली असेल तर त्याची नोंद, फेरीवाला संघटनेचं सभासद कार्ड, धंद्यासाठी आधी बँकेकडून किंवा मायक्रोफायनान्सकडून घेतलेल्या कर्जाचा कागद, नाहीतर धंदा सिद्ध करणारं दुसरं काहीही. या ‘दुसरं काहीही’कडे कोणी बघतच नाही. पालिकेची गाडी माल उचलून नेते तेव्हा तो सोडवायला दंड भरावा लागतो आणि त्याची पावती मिळते. त्या पावतीवर तारीख असते, ठिकाण असतं, बऱ्याचदा नावही असतं. ज्या हाताने तुम्हाला उठवलं त्याच हाताने तुम्ही तिथे बसत होता हे लिहून दिलेलं असतं. लोक मात्र रागाने ती फाडून टाकतात. फाडू नका. पूर्वी पालिका फुटपाथवरच्या जागेपोटी रोजच्या पावत्या फाडायची, तशा सासूच्या काळातल्या एखाद्या डब्यात सापडल्या तर त्याही जोडा. नियम शोधत बसण्यापेक्षा घरातला डबा शोधलेला बरा.

काहीच नसेल तरी वाट बंद होत नाही. साध्या कागदावर वॉर्ड ऑफिसला अर्ज द्या की मी अमुक ठिकाणी, अमुक माल, अमुक वर्षापासून विकते, स्थानिक चौकशी करून शिफारस पत्र द्यावं. चौकशी करून पत्र देण्याची तरतूद आहे. जागा मोघम लिहू नका. ‘दादर’ लिहून चालत नाही. कुठला रस्ता, कुठल्या दुकानासमोर, कुठल्या बाजूचा फुटपाथ, सकाळी की संध्याकाळी, हे सगळं हवं. चौकशीला येणारा माणूस दुपारी तीनला येतो आणि तुम्ही संध्याकाळी पाचला बसता, मग शेरा पडतो ‘जागेवर आढळली नाही’. असा शेरा मी स्वतः तीन अर्जांवर पाहिलाय. तिघीही त्याच रस्त्यावर त्याच दिवशी संध्याकाळी कोथिंबीर निवडत बसल्या होत्या.

आणि आवक शिक्का. अर्जाच्या झेरॉक्सवर आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणजे अर्ज दिलाच नाही असं धरा. शिफारस पत्राचा अर्ज १५ दिवसांत निकाली काढायचा असतो, पण मोजायला सुरुवात कुठून करणार, हातात शिक्काच नसेल तर? पंधरा दिवस उलटले की त्या क्रमांकाचा हवाला देऊन लेखी स्मरणपत्र द्या. तरी हालचाल नसेल तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारा, माझा अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस होता. माझ्या अनुभवात उत्तर येण्याआधी पत्र येतं.

दुसरी अडचण आधारची. ई-केवायसीसाठी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्यासाठी, मोबाइल नंबर आधारला जोडलेला असावाच लागतो, ओटीपी तिथेच येतो. आमच्याकडे येणाऱ्यांचा जोडलेला नंबर मुलाचा, नाहीतर कधीच बंद पडलेल्या सिमचा. नंबर बदलायला गेलं तर अंगठा मागतात, आणि तीस वर्षं बर्फातले मासे हाताळलेल्या बाईचा अंगठा मशीनवर उमटत नाही. एका मावशीने पाच वेळा दाबला, मग पदराला पुसून सहाव्यांदा, मग ऑपरेटरने सॅनिटायझर लावायला सांगितलं, ते जखमेला झोंबलं. शेवटी दुसऱ्या हाताचं मधलं बोट लागलं. सांगायचं असं की एका बोटावर अडून बसू नका, दहाही बोटं बघायला सांगा, डोळ्याचं स्कॅन होतं का तेही विचारा. पोस्टमनकडूनही आधारचा मोबाइल नंबर बदलून मिळतो, पोस्ट ऑफिसात चौकशी करा. आणि आधारवर ‘शांताबाई’, बँकेत ‘शांता’, पॅनवर माहेरचं आडनाव, असं असेल तर अर्ज करण्याआधीच ते एकसारखं करून घ्या. नंतर करायला गेलात की सगळं पहिल्यापासून.

बाकी फॉर्म सोपा आहे. पोर्टलवर स्वतः भरा किंवा सेतू, सीएससी केंद्रातून. बँक पासबुक बंद न पडलेल्या, व्यवहार होत असलेल्या खात्याचं असू द्या. जनधन खात्यात वर्षानुवर्षं व्यवहार नसेल तर आधी थोडे पैसे भरून-काढून ते जागं करा.

शिफारस पत्र आलं तरी कर्ज देते बँक, आणि बँक आधी सिबिल, म्हणजे जुनी कर्जं कशी फेडली याची नोंद, बघते. बचत गटातल्या मैत्रिणीसाठी मायक्रोफायनान्सचं कर्ज आपल्या नावावर उचललेलं, तिने दोन हप्ते चुकवलेले, हे इथे बाहेर येतं. ‘सरकारी पैसा आहे, माफ होईल’ म्हणून पहिलं स्वनिधी कर्ज थकवलेले लोकही आता दुसऱ्यासाठी येतात आणि हिरमुसून परत जातात. हे कर्ज माफ होत नाही. फिटलं की बँकेकडून तसं लेखी घ्या. ‘फिटलं हो’ एवढ्या तोंडी सांगण्यावर थांबलात तर पोर्टलवर ते चालूच दिसत राहील आणि दुसरा अर्ज पुढे सरकणार नाही. अर्जाला सरकारी फी नाही. कर्ज मंजूर करून देतो म्हणून दहा टक्के मागणारा माणूस नाक्यावर भेटेल, त्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.

सगळ्यात जास्त मन मोडतं ते मात्र यानंतर. कर्ज मिळालं म्हणून लोक गाडीवर ‘पीएम स्वनिधी लाभार्थी’ असा बोर्ड लावतात आणि पुढच्या आठवड्यात पालिकेची गाडी माल उचलते. हे कर्ज किंवा शिफारस पत्र म्हणजे धंद्याचा परवाना नाही. स्टेशनपासून १५० मीटर आणि शाळा, हॉस्पिटल, देवळापासून १०० मीटरच्या आत बसायला २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने मनाई केली, ती कर्जाच्या कागदाने उठत नाही. एकाच सरकारी यंत्रणेने एका हाताने भांडवल द्यायचं आणि दुसऱ्या हाताने वजनकाटा उचलून न्यायचा, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. तरी शिफारस पत्राचा एक उपयोग आहे. पुढे सर्वेक्षण होईल तेव्हा २०१४ सारखं हात हलवत परतावं लागू नये, म्हणून ते लॅमिनेट करून ठेवा आणि फोनमध्ये फोटोही काढा.

क्यूआर कोडचं एक राहिलं. डिजिटल व्यवहारांवर १,६०० रुपयांपर्यंत कॅशबॅक मिळतो, पण गाडीवर चिकटवलेला क्यूआर मुलाच्या खात्याचा असेल तर गिऱ्हाइकाचे पैसे त्याच्या खात्यात जातात आणि तुमच्या नावावर शून्य व्यवहार दिसतात. कर्ज ज्या खात्यात आलं त्याच खात्याचा क्यूआर बँकेतून मागून घ्या, आणि जुना स्टिकर नखाने पूर्ण खरवडून काढा. अर्धा राहिला की लोक तोच स्कॅन करतात.