टाकीत पेट्रोल उकळतंय, पण दोष टाकीचा नाही

जाड बुंधा कापून झाला, चेनसॉ बंद करून बाजूला ठेवली आणि टाकीतून बारीक गुडगुड ऐकू आली, तर तो भास नव्हे. आतलं पेट्रोल खरोखर उकळत असतं. जुन्या चेनसॉमध्ये हे वरचेवर घडतं. मग कितीही दोरी ओढा, इंजिन दाद देत नाही. अर्ध्या तासाने मात्र दुसऱ्याच ओढीला चालू होतं.

अशा वेळी टाकीचं झाकण अजिबात उघडू नका. आत वाफेचा दाब असतो. झाकण फिरवताच दाब एकदम उतरतो, त्यासरशी पेट्रोल आणखी जोरात उकळतं आणि कारंज्यासारखं अंगावर येतं. शेजारचा सायलेन्सर अजून तापलेला असतो. उणे ४० अंश सेल्सिअसलाही पेट पकडण्याइतकी वाफ पेट्रोल सोडतं, म्हणजे पुढे काय होईल ते सांगायला नको. अमेरिकेत वणवे विझवणारी पथकं चेनसॉ सतत वापरतात. प्रत्येक टाकीत दाब आहे असं धरूनच चालायचं, असं त्यांना शिकवलं जातं, कारण या कारंज्याने माणसं भाजलेली आहेत.

पाणी १०० अंशांना उकळतं तसा पेट्रोलला एकच उत्कलनबिंदू नसतो, कारण ते अनेक द्रवांचं मिश्रण आहे. त्यातलं पेन्टेन ३६ अंशांनाच उकळतं, तर जड घटकांना २०० अंशांच्या आसपास जावं लागतं. टाकी हाताला चटका देण्याइतकी तापली की हलके घटक वाफ व्हायला लागतात. थंडीसाठी बनवलेल्या पेट्रोलमध्ये हे हलके घटक जास्त असतात. त्यामुळे हिवाळ्यातलं उरलेलं पेट्रोल उन्हाळ्यात वापरलं की त्रास वाढतो. थोड्या प्रमाणात इथेनॉल मिसळल्यानेही वाफेचा दाब चढतो.

वाफ झाली तर इंजिन का अडतं? चेनसॉच्या कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागात, एक पातळ पडदा असतो. क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोकळीतला, दाब वरखाली होतो तसा तो हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. द्रव दाबला जात नाही, म्हणून तो पुढे सरकतो. वाफ मात्र नुसती दबते आणि पुन्हा फुगते. शिवाय एक मिलिलिटर पेन्टेनची वाफ दोनशे मिलिलिटरच्या आसपास जागा व्यापते. नळीत एवढासा बुडबुडा अडकला तरी पडदा फडफडत राहतो आणि पुढे थेंबही जात नाही.

मला इथे सर्वांत महत्त्वाची वाटते ती ओढ. हा पडद्याचा पंप पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतला दाब उतरतो, आणि दाब उतरला की द्रव कमी तापमानालाच उकळतो. टाकीतला फिल्टर तुंबलेला असेल, नळी आतून फुगलेली असेल किंवा हवा आत घेणारं टाकीचं भोक भुशाने बुजलेलं असेल, तर ओढ वाढते आणि एरवी शांत राहिलं असतं ते पेट्रोल उकळायला लागतं. बरेच जण टाकीला बाहेरून काहीतरी गुंडाळत बसतात. माझ्या मते गार मशीनचा फिल्टर आणि ते भोक आधी तपासावं. फिल्टर बदलणं स्वस्तातलं काम आहे.

त्यानंतर उष्णता कुठून येते ते शोधायचं. फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या चाकाच्या, पात्यांची हवा सिलिंडरच्या पातळ पट्ट्यांमधून वाहते. इंजिनाला गार करणारं मुख्य साधन तेच. वरचं कव्हर काढा आणि सायलेन्सरच्या बाजूच्या पट्ट्या बघा. तेल आणि भुसा मिळून तिथे कडक पोळी धरलेली असते, बाहेरून तिचा पत्ताही लागत नाही. लाकडाच्या काडीने ती खरवडून काढा. सायलेन्सरच्या जाळीवर काजळी बसली असेल तर गरम धूर आतच घुटमळतो. बोथट साखळीचंही तसंच. ती लाकूड कापण्याऐवजी घासते आणि माणूस जोर लावत पूर्ण रेसवर इंजिन ताणत राहतो.

हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत असेल तर मात्र सावध व्हा. टू-स्ट्रोक इंजिनात आत येणारं पेट्रोल आणि तेल पिस्टनला गारही करतं. इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवतीचे जुने रबरी क्रँक सील कडक झाले की तिथून जादा हवा शिरते. रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली न येता किंचाळत राहिलं, तर संशय याचाच घ्या. अशी चेनसॉ तशीच चालवली तर पिस्टन ओरखडतो, कधी जाम होतो. नुसता कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून हा दोष झाकू नका; सील बदला.

ठिणगी पाडणारी इग्निशन कॉइलही तापल्यावर दगा देते आणि लक्षणं हुबेहूब अशीच दिसतात. मशीन गरम असताना, पेट्रोलपासून दूर, बंद काचेच्या टेस्टरवर ठिणगी तपासा. ठिणगी जोरदार असेल तर इंधनाकडे वळा.

माझ्या हाती आलेल्या एका जुन्या चेनसॉमध्ये हे सगळं ठीक होतं, तरी टाकी गुडगुडत होती. कार्ब्युरेटर उघडल्यावर उलगडा झाला. सिलिंडर आणि कार्ब्युरेटर यांच्यामधला उष्णता अडवणारा जाड ठोकळा कुणीतरी काढून टाकला होता आणि त्या जागी पत्र्याचं गॅस्केट कापून बसवलं होतं. इंजिन बंद झालं की पंखा थांबतो, गार पेट्रोलचा ओघही थांबतो, आणि सिलिंडरची साठलेली धग त्या पत्र्यातून थेट कार्ब्युरेटरमध्ये उतरत होती. ठोकळा परत बसवला, आणि मोठ्या कापणीनंतर मिनिटभर हळू रेसवर ठेवून मगच बंद करायला लागलो. त्यानंतर टाकीचा आवाज आला नाही.